ते वाक्य तुझं होतं

भाभी, तू गेलीस त्या दिवशी घरी इतक्या बायका आल्या की त्यांच्या चपला जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेल्या होत्या. मी रडत होते आणि रडता रडता माझ्या मनात आलं, माझ्यासाठी एवढ्या येतील का? लाज वाटली, पण आलं ते आलं. आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुझ्यापासून मी एक गोष्ट सात वर्षं लपवली, आणि हे सगळं तिच्यासाठीच लिहिते आहे.

हेवा आपल्यात पहिल्या दिवसापासून होता. म्हणजे माझ्या बाजूने. तुला तेवढी फुरसत कुठली. तू माझ्याहून दीड वर्षाने लहान, पण थोरल्याची बायको म्हणून तू भाभी आणि मी धाकटी जाऊ. मी बी.ए. बी.एड., मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवणारी. तू श्रीवर्धनकडच्या गावातून सातवीपर्यंत उर्दू शिकून आलेली. आणि भांडुपच्या आपल्या बिल्डिंगीला रिक्षावाले काय म्हणायचे? जुबेदाभाभीची बिल्डिंग. पाटीवर नाव होतं बिल्डरच्या आईचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी गल्लीत जुबेदाभाभीची जाऊ म्हणून ओळखली गेले. शाळेत मला सगळे रेहानामॅडम म्हणायचे, पण शाळा सुटली की मी परत तुझी जाऊ व्हायचे.

तुझं काम मय्यत धुण्याचं. वस्तीत कुणाही मुसलमान घरातली बाई वारली की आधी तुला बोलावणं यायचं. शेवटची आंघोळ घालायची, कफन नेसवायचं, केस विंचरून तीन वेण्या घालायच्या. यातलं कुणाकडून काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. परत आलीस की तू स्वतः डोक्यावरून आंघोळ करायचीस आणि भाकऱ्या थापायला बसायचीस. मी विचारलं की कशी होती गं ती, फार भोगलं का तिने, तर तू तव्याकडे बघत म्हणायचीस, "न्हाऊ घालणाऱ्यानं बघितलेलं बाहेर बोलायचं नसतं." बास. मला वाटायचं, तू भाव खातेस.

एकदा तू मलाच बोलावलंस. आठवतं? आठवतच असणार. मागच्या चाळीतली ती बाळंतीण, जेमतेम तेवीस वर्षांची. बाळ वाचलं, ती गेली. तुझ्यासोबत नेहमी येणारी म्हातारी गावाला गेली होती आणि हाताखाली दुसरं कुणी नव्हतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "रेहाना, चल गो. एकटीला नाय जमणार." मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत, उद्या द्यायचे आहेत. गठ्ठा खरंच समोर होता. पण खरं कारण भीती होतं, आणि ते तुला कळलं होतं. वाटेत फरीदा दिसली, शिलाईकाम करणारी, तिला घेऊन गेलीस. त्या दिवसापासून फरीदा तुझी झाली. तिला तू सगळं शिकवलंस आणि मला तिचाही हेवा वाटायला लागला. स्वतः नाकारलेल्या जागेवर दुसरी बसली म्हणून जळणारी बाई तू पाहिली नसशील. ती तुझ्याच घरात होती, मी.

मग ते वर्ष आलं. दूरच्या एका शहरात बाजारात स्फोट झाला. शहराचं नाव लिहीत नाही. आधीही अशी नावं होती, नंतरही आली. भाजी घ्यायला आलेली माणसं मेली. करणाऱ्यांनी आधी आपली चित्रफीत काढून ठेवली होती, तिच्यात आपल्याच नमाजातले शब्द. बाळ जन्मलं की आपण जे त्याच्या कानात सांगतो, चंद्र दिसला की जे आपसूक तोंडात येतं, ते शब्द त्यांनी बॉम्बला गुंडाळले होते. आपल्याच घरात चोरी झाली होती आणि चौकशीही आपलीच होत होती.

शाळेत माझी रीत ठरलेली. बातमी आली की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी निषेध उघडायचे. कुणी विचारायची वाट बघायचे नाही. इस्लाममध्ये हे कुठेही नाही, एका निरपराधाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणं, वगैरे. स्टाफरूममधल्या सगळ्या माना हलवायच्या. कुणी तरी म्हणायचं, "तुम्ही वेगळ्या आहात हो मॅडम." आणि मी ते कौतुक घेऊन घरी यायचे.

घरी काय दिसलं? शेजारच्या परबकाकू आणि तू कट्ट्यावर सुके बोंबील निवडत बसलेल्या. त्यांनी बोंबलाचं डोकं मोडता मोडता विचारलं, "तुमचे लोक असा कित्या करतत गो जुबेदा?" तू म्हणालीस, "माझे नायत ते काकू. माझे असते तर मी कान उपटले नसते?" काकू म्हणाल्या, "ताय खरा." आणि तुम्ही दोघी पुन्हा बोंबलाकडे वळलात. वाईट याचं वाटलं की मी दोन दिवस झोपले नव्हते आणि तुझं एवढ्यावर भागलं.

त्यावरून आपण भांडलो. मी म्हटलं, तू निषेध का करत नाहीस, गप्प बसणं म्हणजे मान्य असणं. तू म्हणालीस, मेले त्यांच्यासाठी मी रडतेय, दुआ मागतेय, पण माफी कसली मागू, मी काय केलंय? मी म्हटलं, माफी नाही गं, बोलणं. त्यावर तू म्हणालीस, "मागच्या येळेला तू बोललीस ना? मग परत का विचारलं तुला?" मी रागाने खोलीत निघून गेले. ते भांडण तसंच राहिलं. आजही मला वाटतं, थोडं माझंही खरं होतं. तुझ्यासमोर परबकाकू होत्या, ज्यांनी तुझ्या ताटातली मासळी खाल्ली होती. स्टाफरूममध्ये माझ्याकडे परबकाकू नव्हत्या. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुझ्याशी भांडताना मला नेमकं ते कधी सुचलं नाही.

आणि मग त्या आठवड्याची बायकांची बैठक. दर गुरुवारी दुपारी खालच्या मजल्यावर आपण जमायचो. कुणी तरी वाचायचं, बाकीच्या ऐकायच्या. त्या दिवशी बाहेरून एक बाई बयान, म्हणजे प्रवचन, करायला आल्या होत्या. गोड आवाज, स्वच्छ उर्दू, हातात तसबीहची माळ. मृत्यू आणि त्यानंतरचं बोलता बोलता त्या हळूच त्या फितीवर आल्या. म्हणाल्या, दुनिया त्यांना काहीही म्हणो, ती पोरं शहीद आहेत. शहीदाला गुसलची, शेवटच्या आंघोळीची, गरज नसते, तो रक्तानेच पाक होतो.

काही बायकांनी माना खाली घातल्या, काहींनी सवयीने "सुभानअल्लाह" म्हटलं. मी पर्सवर हात ठेवला. पर्समध्ये माझी तीन पानं होती, दोन रात्री बसून लिहिलेली, कुराणातल्या आयतींचे अर्थ, कुठल्या आयतीचा संदर्भ काय, सगळं. वाटलं, आता उठावं. उठले नाही. बाई परकी होती, आवाज मोठा होता आणि मला वाटलं, उर्दूत माझे उच्चार चुकतील. हे कारण होतं, भाभी. उच्चार चुकतील!

तू मागे भिंतीला टेकून बसली होतीस, कफनाचं कापड मांडीवर घेऊन फाडत. वर न बघता म्हणालीस, "बाय, शहीद मी धुतलेत." त्या म्हणाल्या, काय? तू तुझ्या मोडक्या उर्दूत सांगितलंस, ज्यात निम्मं गाव होतं: "बाळंतपणात गेलेली शहीद, आपल्यात असंच सांगितलंय ना? पाण्यात बुडालेली शहीद. घर अंगावर पडून मेलेली शहीद. अशा कितीजणींना मी या हातांनी न्हाऊ घातलंय. त्यांच्यातल्या एकीनंसुद्धा जाताना दुसऱ्या कुणाला ओढून नेलं नाय."

त्या बाईंनी विचारलं, तुमचं शिक्षण किती? तू म्हणालीस, सातवी. त्या हसल्या आणि काहीतरी सांगू लागल्या, की तो दर्जा वेगळा आणि हा वेगळा. पण तोवर कोपऱ्यातली एक म्हातारी रडायला लागली होती. मागच्या चाळीतल्या बाळंतिणीची आई. म्हणाली, "माझी पोर आणि ते एका पंगतीत? नाही बाई, नाही." मग दुसरी बोलली, जिची बहीण भिंत कोसळून गेली होती. मग बऱ्याच जणी बोलल्या. त्या बाई चहा पिऊन गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तू घरोघर फिरून फोनमधली ती फीत पुसायला लावलीस. स्वतःला पुसता येत नव्हती म्हणून फरीदाला सोबत नेलंस. मला नाही.

त्या दुपारी मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही असेल. पण मुख्य म्हणजे मी जळत होते. माझी तीन पानं पर्समध्ये आणि तुझं एक वाक्य साऱ्या खोलीत. मला वाटलं, मी एवढं वाचते, शिकते, शब्दांचा धंदा माझा, आणि हे वाक्य हिला का सुचावं?

आता ते सांगते.

महिनाभराने मुलुंडच्या एका वाचनालयाने मला बोलायला बोलावलं. विषय होता धर्माच्या नावाखालची हिंसा. हॉल भरला होता. मी माझी तीन पानं वाचली. लोक नीट ऐकत होते, पण मधूनच कुणी तरी घड्याळ बघत होतं. आणि मग मी पानं खाली ठेवली आणि म्हटलं, "शहीद मी पाहिलेत." धुतलेत म्हणायची हिंमत झाली नाही, एवढी लाज शिल्लक होती. पुढचं सगळं तुझं जसंच्या तसं. बाळंतीण, पाणी, भिंत. एकीनेही जाताना दुसऱ्या कुणाला ओढून नेलं नाही. तुझं नाव घेतलं नाही. हॉलभर टाळ्या. एक वृद्ध गृहस्थ डोळे पुसत पुढे आले आणि माझे हात हातात घेतले. ज्या हातांनी त्या बाळंतिणीला न्हाऊ घालायला नकार दिला होता, तेच हात.

भाषण रविवारच्या पुरवणीत छापून आलं, फोटोसकट. तू सगळ्या बिल्डिंगीला दाखवत फिरलीस. मी बाजारातून आले तर तू पेपर घेऊन ओट्याशी उभी. मराठी अक्षर तुला जोडून जोडून वाचावं लागायचं, म्हणून म्हणालीस, वाच ना गो, तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी वाचलं. आणि त्या परिच्छेदापाशी आले तशी मी तो गाळून पुढे गेले. एक ओळ अर्धवट राहिली, पुढची जुळेना. तू विचारलंस, "मधेच थांबलीस का?" मी म्हटलं, ठसका लागला. तू पाणी दिलंस. शेवटी म्हणालीस, "झकास लिवलंयस, मास्तरीण." आणि भात उतरवायला गेलीस.

मी सुटले असं मला वाटलं. सात वर्षं वाटत राहिलं. ते वाक्य मी नंतर आणखी दोनदा वापरलं. सांगून टाकते, म्हणजे काही राहायला नको.

तुझं आजारपण अडीच महिन्यांचं. शेवटी शेवटी तू फरीदाला सांगून ठेवलंस की मला गुसल देताना रेहानाला बरोबर घे, पहिलं पाणी तिच्या हातचं. हे मला तू गेल्यावर कळलं. मला आधी रागच आला. मला का नाही सांगितलं? मग कळलं, सांगितलं असतंस तर मी पेपर काढून बसले असते.

फरीदाने बोरीची पानं घालून पाणी कोमट केलं, कापूर कुटला. तुझ्यावर चादर होती, आणि चादरीखालूनच सगळं करायचं, हाताला कापडाची पिशवी बांधून. मी तांब्या धरून नुसती उभी. फरीदा म्हणाली, "सीधी बाजू से, भाभी. बिस्मिल्ला बोलो और डालो. वो कुछ नहीं बोलेगी आपको." मी पाणी घातलं. तुझा उजवा खांदा, मग हात, मग बोटं. बोटांवर भाकरीचे जुने चटके होते. वेण्या मी घातल्या, तीन, आणि तिसरी वाकडी झाली. फरीदाने सोडून पुन्हा घातली. बाकी काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. तेवढं मीही शिकले.

तिसऱ्या दिवशी परबकाकू आल्या, तांदळाची पेज आणि लोणचं घेऊन. तुझ्या जागी कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं, कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून मी सुरुवात केली, काकू, ते पेपरातलं भाषण होतं ना. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. मी म्हटलं, काय ठाऊक आहे? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या रविवारी मी बाजारात गेले होते तेव्हा तू पेपर घेऊन आधी त्यांच्याकडेच गेली होतीस. त्यांनी तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं, काहीही न गाळता. त्या बैठकीची गोष्ट तूच त्यांना आधी सांगितली होतीस, त्यामुळे त्या वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, ह्या तर तुझा वाक्य.

"तर ता जुबेदा हसाक लागला," काकू म्हणाल्या. "माका म्हणता, गप रव काकू. आंघूळ घालणाऱ्यान बगलेला भायर सांगूचा नसता. माका काय ता समाजला नाय. आंघूळ खयची, पेपर खयचो?"

काकूंना समजलं नाही. मला समजलं. पेजेचं भांडं तसंच हातात धरून मी बसून राहिले.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि तरी तू मला वाचायला लावलंस. कदाचित संधी देत होतीस, की मी तो परिच्छेद वाचेन, मान वर करून म्हणेन, भाभी, हे तुझं. मी ठसका काढला. तू पाणी दिलंस. आणि मग सात वर्षं ते तुझ्या डोळ्यांतसुद्धा कधी दिसलं नाही. मेलेल्या बायकांच्या अंगावरचं जे तू झाकायचीस, तेच तू जिवंतपणी माझ्याबाबतीत केलंस, आणि वर मला मास्तरीण म्हणत राहिलीस. खरं सांगू? मला याचाही हेवा वाटतो. कुणी माझं असं उचललं असतं तर मी वाचनालयात जाऊन तमाशा केला असता.

गेल्या आठवड्यात पुन्हा कुठे तरी तसंच काही घडलं. वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला, मॅडम, मागचंच भाषण पुन्हा ऐकायचंय लोकांना, ते शहीदांचं वाक्य फार गाजलं होतं. मी म्हटलं, ते वाक्य माझं नाही, माझ्या जावेचं आहे, जुबेदाचं. ती मय्यत धुवायची. ते म्हणाले, "अहो, घरातलंच ना, मग काय बिघडलं?" तू असतीस तर अगदी हेच म्हणाली असतीस, म्हणून मला जास्तच राग आला. मी भाषणाला नाही म्हटलं आणि हे लिहायला बसले. जे तू झाकलंस ते मी उघडं करते आहे. तुझा नियम मोडला असेल, पण तो न्हाऊ घालणाऱ्याला लागू आहे. ज्याने केलं त्याला कुठे?

काल दुपारी दार वाजलं. वरच्या गल्लीतली एक बाई, डोळे सुजलेले, तिची आई सकाळी गेली होती. फरीदाने पाठवलं होतं. तिला हाताखाली कुणी तरी हवं होतं. बाई मला ओळखत नव्हती. चाचरत म्हणाली, "जुबेदाभाभींची जाऊ ना तुम्ही?"

मी म्हटलं, हो, तीच मी. आणि ओढणी डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर निघाले. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर टेबलावर होते, आज द्यायचे होते. अजून तसेच पडलेत, भाभी.